शाळेत मुलाला त्रास होतोय? आधी जागा आणि वेळ शोधा

मधल्या सुट्टीत दोन मित्र एकमेकांना 'जाड्या' आणि 'काडी' म्हणतात, दोघंही हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र डबा खातात. ही चिडवाचिडवी. पण रोज एकालाच 'जाड्या' ऐकावं लागत असेल, समोर तिघं असतील आणि हे थांबवणं त्याच्या हातात नसेल, तर तो छळ. या विषयाचा अभ्यास 1970 च्या दशकात सुरू करणारे डॅन ओल्वेउस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं आणि ताकदीत फरक असलेलं. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. वय, टोळकं, बापाचा हुद्दा, जात, बोलण्याची ढब, यांतलं काहीही पुरतं. 'तुझं तू बघून घे' हा सल्ला फोल ठरतो तो इथंच. त्याला जमलं असतं, तर गोष्ट इथवर आलीच नसती.

मुलं सहसा आपणहून सांगत नाहीत. 'चोंबडा' ठरायची भीती असते, आणि आईबाबा शाळेत येऊन तमाशा करतील याची त्याहून जास्त. म्हणून वस्तूंकडे बघा. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते आणि मूल घरात शिरताच बाथरूमकडे पळतं. डबा रिकामा, तरी पोटात कावळे. पेन, कंपासपेटी वरचेवर 'हरवते'. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं, मे महिन्याच्या सुट्टीत मात्र दुखत नाही. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नका. शाळेतलं स्वच्छतागृह नुसतं घाण असलं तरी मुलं पाणी प्यायचं टाळतात.

समोर बसवून उलटतपासणी केली तर काही हाती लागत नाही. स्कूटरवर, मटार सोलताना, रात्री दिवा मालवल्यावर विचारा. 'कुणी त्रास देतं का?' याचं उत्तर 'नाही' हेच येतं. त्याऐवजी 'व्हॅनमध्ये तू कुठे बसतोस?', 'मधल्या सुट्टीत कोण कोण असतं?', 'कुठला तास नको वाटतो?' असं विचारा. बोलू लागलं की मध्ये तोंड घालू नका. 'मग तू काय केलंस?' यात मुलाला आपलीच चूक ऐकू येते, आणि 'भित्री भागूबाई' म्हणालात तर पुढचं कधीच कळणार नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, पुढे काय करायचं ते मिळून ठरवू' एवढं पुरे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, ते मोडावं लागणार आहे.

त्याच रात्री एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, काय झालं (मुलाच्याच शब्दांत), कोण बघत होतं. उदाहरणार्थ: 'सोमवार, 10.40, दुसऱ्या मजल्याचा जिना, दप्तर खाली फेकलं, वर्गातली दोन मुलं उभी होती.' जखम असेल तर फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून कागद घ्या आणि दुसऱ्याच दिवशी शाळा गाठा. एरवी आठवडाभराच्या नोंदी हाताशी असाव्यात. छळाला मोठ्यांची नजर नसलेली जागा लागते: जिना, स्वच्छतागृह, व्हॅनची मागची सीट, तास बदलतानाची पाच मिनिटं. वही वाचताना त्याच त्या जागा पुन्हा दिसू लागतात. शाळेकडे मागायचं ते त्याच जागांबद्दल. 'त्या मुलाला समज द्या' ही मागणी हवेत विरते. 'मधल्या सुट्टीत त्या जिन्यापाशी रोज एक शिक्षक उभे राहावेत' ही पूर्ण झाली की नाही, ते तपासता येतं.

आधी वर्गशिक्षकांना वेळ मागून भेटा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. अर्जात घटना, दोन-तीन मागण्या आणि सात दिवसांनंतरची फेरभेटीची तारीख लिहा. काही हललं नाही तर मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा शिक्षक-पालक संघ. महाराष्ट्रातल्या शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असायला हवी. त्यापुढे शिक्षणाधिकारी आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. त्रास खुद्द शिक्षकांकडूनच होत असेल, तर शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 अर्जात नमूद करा. शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही त्यात मनाई आहे.

शाळेचा आवडता तोडगा म्हणजे दोघांना केबिनमध्ये बोलावून हात मिळवायला लावणं. बरोबरीच्या भांडणात तो चालतो. छळात मात्र दुबळ्याला सगळ्यांसमोर 'माफ केलं' म्हणावं लागतं आणि बाहेर पडल्यावर तक्रार केल्याचा हिशेब चुकता होतो. दोघांशी वेगवेगळं बोलण्याचा आग्रह धरा. बाक बदलायचा तर त्रास देणाऱ्याचा बदलावा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव टाकलंत की विषय मुलाचा न राहता दोन घरांच्या अब्रूचा होतो. 'तूही एक ठेवून दे' म्हणालात आणि समोर तिघं असले, तर मार खाऊन वर शिक्षाही आपल्याच मुलाला होते.

बघ्यांना विसरू नका. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानावरच्या चित्रीकरणाचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांत थांबला होता. भांडायची गरज नसते. 'चल, तुला बाईंनी बोलावलंय' म्हणून मित्राने हात धरून बाजूला नेलं तरी भागतं. असा एक मित्र शोधा, त्याला घरी जेवायला बोलवा.

त्रास मोबाइलवर होत असेल तर मेसेज पुसायच्या आधी तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल लपवेल. लैंगिक फोटो असेल तर स्क्रीनशॉट नको आणि पुरावा म्हणूनही तो कुणाला पाठवू नका. थेट पोलिसांकडे जा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. मूल 'जगायचं नाही' असं काही बोललं तर 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416.

त्रास थांबल्यावरही वही महिनाभर चालू ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा विशेष जपा, कारण तोवर जिन्यापाशी उभे राहणारे शिक्षक पुन्हा स्टाफरूममध्ये गेलेले असतात.