मज्जारज्जूवरील दाब: रुग्णालयात या चुका टाळा

रुग्णालयात दाखल असलेला रुग्ण पाठ दुखते म्हणाला, की पडून पडून अंग आंबले असेल असे समजून मलम चोळले जाते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पसरून मज्जारज्जूवर दाब आणतो, तेव्हा पायांतील शक्ती जाण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून पाठ दुखत असते. आडवे झाल्यावर वाढणारी, रात्री झोपेतून उठवणारी आणि खोकताना कळ आणणारी ही वेदना साधी समजू नये. खारघरच्या टाटा केंद्रात उपचार घेणारा रुग्ण ताप किंवा उलट्यांसाठी वाशी-ठाण्यातील जवळच्या रुग्णालयात दाखल होतो आणि कर्करोगाची फाइल घरीच राहते. नातेवाइकांनी ती पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

पाय लुळे पडले म्हणून केवळ कमरेचा एमआरआय करणे ही दुसरी चूक होय. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्यामुळे दाबाचे ठिकाण छातीच्या मागे किंवा मानेत असू शकते आणि संपूर्ण मणक्याचाच एमआरआय, तोही तातडीने, करावा लागतो. एक्स-रे चांगला आला यावर विसंबून राहू नये, कारण हाडाची बरीच झीज झाल्याशिवाय त्यात काही दिसत नाही.

मधुमेही किंवा डायलिसिसवरील रुग्णाला पाठदुखीसोबत ताप असेल, तर मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साठल्याची शंका घ्यावी. मणक्याचा क्षयरोग मात्र सावकाश वाढतो. त्यात बरे वाटताच क्षयरोगाची औषधे सोडणे घातक ठरते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना पाठीत सुई देऊन भूल दिली असेल आणि पायांचा बधिरपणा ठरल्या वेळेत उतरला नाही किंवा उतरून पुन्हा आला, तर मज्जारज्जूभोवती रक्त साठून दाब आलेला असू शकतो. तेथे सकाळच्या राउंडची वाट पाहता येत नाही.

लघवी अडली की नळी घातली जाते आणि तक्रार थांबते, पण ती का अडली, मज्जारज्जूवरील दाबाने तर नाही ना, हे विचारायचे राहून जाते. पाय जड होणे, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, शौचावरील ताबा सुटणे यांची चौकशी त्याच वेळी व्हावी. उपचार सुरू होताना जो रुग्ण स्वतः चालतो, त्याचे चालणे टिकण्याची शक्यता सर्वाधिक असते; म्हणून चाल कधी बिघडली, ती वेळ परिचारिकेकडे नोंदवून घ्यावी.