जेट उलटं करून बघा

स्टारस्क्रीमसारख्या, म्हणजे जेट विमानाचा रोबो होणाऱ्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्याचं परीक्षण लिहायचं तर मी सुरुवात जेटच्या पोटापासून करतो. वरून एफ-१५ लढाऊ विमान झकासच दिसतं. खाली रोबोचे हात लोंबकळताना दिसले की लबाडी कळते.

जेटचं रोबोत पहिलं रूपांतर सूचनांचा कागद बघून, दुसरं न बघता, घड्याळ लावून. अडलं तर जोर लावू नका. मी एकदा घाईत पंखाची खुंटी मोडली, चूक सर्वस्वी माझी. वाकवलेल्या जागी प्लास्टिक पांढरं पडतंय का, ते उजेडात पाहा. निदान वीसदा उलटसुलट करा. सांधे ढिले पडायचे असतील तर तेव्हाच पडतात. मग रोबो एका पायावर उभा करा. पाठीवरच्या ओझ्याने तो मागे कलंडतो का, हे जरूर लिहा. रंगावर दोन ओळी पुरेत.

१९८४च्या मूळ खेळण्यात मुठी आणि क्षेपणास्त्रं सुटी असायची, म्हणून जुना नग असेल तर आधी सुटे भाग मोजा. शेवटी खेळणं आठ वर्षांच्या भाचीच्या हाती द्या आणि गप्प बसा. माझी भाची सूचनांचा कागद उघडतही नाही.