फोरग्राउंड (फोटोतला जवळचा भाग) रिकामं, आकाश पांढरंफटक
स्पर्धेतल्या माझ्या तळं-डोंगराच्या फोटोवर परीक्षकांनी हाच शेरा दिला, आणि निकालापेक्षा मला तोच जास्त कामाचा वाटला. परत त्याच जागी गेले, ट्रायपॉड गुडघ्याच्याही खाली आणला, काठावरचा शेवाळलेला दगड वाइड लेन्सच्या अगदी जवळ घेतला, लेन्सचं छिद्र लहान म्हणजे एफ/११, प्रकाशाची संवेदनशीलता कमी म्हणजे आयएसओ १००, आणि फोकस डोंगरावर न ठेवता दगडाच्या जरासा मागे, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी शार्प येतं. एफ/२२ वर मात्र जाऊ नका हं, छिद्र फारच लहान झालं की प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन), त्यामुळे सगळंच मऊ पडतं. आकाशासाठी हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) बघत २ स्टॉप कमी एक्स्पोजरचा, म्हणजे एक चतुर्थांश प्रकाशाचा, वेगळा शॉट घेतला, एडिटिंगमध्ये दोन्ही जोडले, ढगांच्या कडा सुद्धा दिसायला लागल्या! क्षितिज मधोमध होतं ते वर सरकवलं, आता नजर दगडावरून पाण्यात आणि तिथून डोंगराकडे आपोआप जाते.