सातशेचे आठशे झाले तेव्हा कळलं नाही: कान मंद झाले की घरात होणाऱ्या या चुका टाळा

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव चालू होता, सुरमईची टोपली, व्यापारी बोलला सातशे, आमच्या बाबांनी ऐकलं आठशे, आणि पैसे हातात आल्यावर बाबा म्हणाले तू शब्द फिरवलास. वीस वर्षांची ओळख, एका टोपलीवरून बोलणं बंद. घरी सगळ्यांचं एकमत की म्हाताऱ्याचा स्वभाव तिरसट झालाय. स्वभावाचा काही संबंध नव्हता, फक्त 'स' गेला होता.

कान वयाने किंवा आवाजाने मंद होतात तेव्हा बहुतेक वेळा सगळा आवाज एकदम कमी होत नाही, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, त, क, फ हे त्यातलेच. आ, ओ, ऊ हे जाड आवाज, ते राहतात. मग सातशेमधला स गळला की उरतं 'आतशे', आणि डोकं आपल्या मनाने त्याचं आठशे करून टाकतं, माणसाला आपण चुकीचं ऐकलंय याचा पत्ताच नसतो. बाबा तेव्हापासून एकच सांगत होते, "माका आयकाक येता गो, पण कळणा नाय." आम्ही ते वाक्य कधी नीट ऐकलंच नाही, म्हणजे बहिरं कोण ते तुम्हीच ठरवा.

"वय झालं, चालायचंच"

ही पहिली चूक. बाबा तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाजवळ होते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास झेपतो असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ८८ ला ४ तासच. बोटीवर तास कोण मोजतं. आतल्या कानात प्रत्येकी साधारण १५ हजार बारीक केसपेशी असतात आणि त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. म्हणून जे इंजिनावर, क्रशरवर, चिरेखाणीवर काम करतात त्यांनी चाळिशीतच एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्यावी, काचेच्या खोलीत बसायचं, टूं वाजलं की बटण दाबायचं, दुखत खुपत काही नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि मुंबईला कुणी चाकरमानी असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करतेय.

ओरडणं

ओरडून फक्त जाड आवाज अजून जाड होतात, स आणि त जिथल्या तिथे. शिवाय खराब झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र बोचतो, असं दोन्ही असतं. म्हणून आधी "काय?" आणि मग लगेच "बोंबलतंस कित्याक?" हे नाटक नाही हो, खरंच तसं होतं. समोर या, उजेडात या, आधी हाक मारून लक्ष वेधा, मिक्सर बंद करा. आणि तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. "सहाची गाडी" कळत नसेल तर "संध्याकाळची, दिवेलागणीची" म्हणा, लगेच कळतं.

"जाऊ दे, काही नाही"

माझ्या मते सगळ्यात वाईट चूक ही, आणि ती आम्ही सगळ्यांनी केली, मी तर जास्तच. जेवताना कुणीतरी काही बोललं, सगळे हसले, बाबांनी विचारलं काय झालं, आणि मी म्हणाले जाऊ दे, काही नाही. त्या माणसाने काय करायचं सांगा. तो ताटाकडे बघतो. मग हळूहळू विचारणं बंद करतो. बाबांनी आधी फोन घेणं सोडलं, मग सोमवारचं भजन सोडलं, मग पाहुणे आले की पडवीतून उठून मागच्या दारी जाऊन बसायला लागले. आईचं वेगळंच, ती त्यांचा कान झाली, बँकेत ती, डॉक्टरकडे ती, फोनवर ती, आणि रात्री चिडचिड पण तिचीच. दोघांत भांडण कशावरून, तर "मी सांगितलं होतं" आणि "तू सांगितलंच नाहीस" यावरून, आणि दोघंही खरंच बोलत होती.

तब्येतीवर होतं ते वेगळं. दिवसभर अर्धवट शब्द जुळवून माणूस दमतो, संध्याकाळी सातलाच झोप. एकटेपणा, उदासपणा येतो. पडण्याचं पण आहे, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात कान २५ डेसिबलने मंद असलेल्यांत पडण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट दिसलं, आणि आमच्याकडे पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, म्हणजे बघायलाच नको. विसरभोळेपणाचं तर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात मंद कान आहेत. कानाचं मशीन लावलं की डिमेन्शिया टळतो असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. २०२३ च्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर बघितलं, सरसकट फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच जास्त धोका होता त्यांच्यात ३ वर्षांत डोक्याची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

कानात रातकिडे, आणि खोली गप्प

बाबांच्या कानात झीं वाजतं. "कानात रातकिडे ओरडतत" म्हणायचे, आणि आम्ही काय केलं तर त्यांना शांत झोप लागावी म्हणून मागची खोली दिली, पंखा पण बंद. उलटं झालं. शांततेत तो आवाज वर येतो. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बाबा घोरायला लागायचे आणि ऑक्टोबरात पाऊस गेला की रात्रभर येरझाऱ्या, हे आम्हाला जुळवायला तीन पावसाळे लागले! आता पंखा चालू, नाहीतर मोबाईलवर पावसाचा आवाज, झींपेक्षा थोडा हळूच ठेवायचा, पूर्ण बुडवायचा नाही. हा आवाज घालवणारी गोळी नाही, जाहिरातीवाल्यांना पैसे देऊ नका. मशीनने बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि समुपदेशनातली सीबीटी पद्धत, म्हणजे विचारांची सवय बदलायला शिकवणारी, आवाज घालवत नाही पण त्याचा त्रास कमी करते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक करत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवाच.

लसणीचं तेल, बड, केसातली पिन: नको. दमट हवेत ओल्या कानात तेल म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि बड मळ आत ढकलतो. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं.

आणि रात्री चांगला झोपला, सकाळी एक कान बंद, असं झालं तर मळ असेल म्हणून चार दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर, गाठा. स्टिरॉइड पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर सगळ्यात बरं, दोन आठवड्यांनंतर फारसा उपयोग राहत नाही.

मशीन कपाटात

तपासणी न करता ऑनलाइन स्वस्तातलं मागवलं तर ते सगळंच मोठं करतं, बांगड्याची फोडणी पण कानात फुटते. नीट सेट केलेलं मशीन पण पहिले काही आठवडे त्रासदायक वाटतं, घरात दोन तासांपासून सुरुवात करा. शिट्टी वाजतेय? बहुतेक कानातला तुकडा नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. आवाजच नाही? सेल बघा, मग मळाची जाळी बघा. सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग घाला, तो हवेवर चालतो. आमच्याकडची खरी भानगड म्हणजे दमट हवा, नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज येतो-जातो. रात्री सेलचं दार उघडून सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं, झाकण घट्ट. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीचं आहे, कारण ती विसरत नाही आणि बाबांना ओरडून सांगत नाही.

तो व्यापारी अजून आहे. गेल्या महिन्यात बाबांनी त्याला मशीन काढून दाखवलं आणि सातशे-आठशेचं सांगितलं. तो म्हणाला, माझा पण एक कान जरा जडच झालाय.