पट्टाभिषेकाची पत्रिका इंग्रजीत करताना या चुका टाळा

शुक्रवार पेठेतला लक्ष्मीसेन भट्टारकांचा (भट्टारक म्हणजे जैन मठाचे प्रमुख) मठ, शंकराचार्यांचं करवीर पीठ, कणेरीचा सिद्धगिरी मठ, शिरोळकडे नांदणीचा मठ. कोल्हापूर आणि आसपासच्या परिसरात गाद्या पुष्कळ, आणि त्यांचे भक्त आता परदेशातही. म्हणून पट्टाभिषेकाची, म्हणजे नव्या स्वामींना गादीवर बसवण्याच्या सोहळ्याची, पत्रिका इंग्रजीत करून द्या, असं सांगत कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. मराठी मजकूर चोख असतो. घोळ होतो तो इंग्रजीतल्या एकाच शब्दावर.

सर्रास दिसणारा शब्द म्हणजे ‘कॉरोनेशन’. अभिषेक म्हटला की तो आपसूक सुचतो. पण त्याचा अर्थ मुकुट घालून राजा करणं. शिवरायांचा १६७४ चा राज्याभिषेक म्हणजे कॉरोनेशन. संन्यस्त माणसाच्या पत्रिकेवर हा शब्द मला खरोखर सहन होत नाही. ज्याने घरदार सोडलं, त्याला आपण राजा करून ठेवतो.

शब्द शोधण्याआधी मठात एकच गोष्ट विचारा: त्या दिवशी माणूस बदलणार आहे, की गादी भरणार आहे? दीक्षा वेगळी, पीठारोहण वेगळं. दीक्षेला ‘इनिशिएशन’. गादीवर बसण्याला ‘इन्स्टॉलेशन’, आणि परंपरेत सिंहासन असेल तर ‘एन्थ्रोनमेंट’. दलाई लामांच्या १९४० च्या ल्हासातल्या सोहळ्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. लहान गावातल्या मठाला मात्र तो अंगापेक्षा मोठा होतो; तिथे इन्स्टॉलेशन पुरे.

‘ऑर्डिनेशन’ची गल्लत याच जागी होते. तो शब्द मुळात चर्चचा, पाळकपदाच्या दीक्षेचा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांचं मिशन पुढे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. त्या परंपरेत पाळकाचं ऑर्डिनेशन आयुष्यात एकदाच होतं. नव्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चकडे, गेल्यावर होतं ते इन्स्टॉलेशन. आधीच दीक्षा झालेल्या स्वामीजींना ‘ऑर्डेन्ड’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की ते आजवर संन्यासीच नव्हते.

इन्स्टॉलेशनमध्येही एक खड्डा आहे. नुसतं ‘इन्स्टॉलेशन ऑफ श्री अमुक’ लिहिलं की मूर्ती बसवतायत असं वाटतं. भट्टारकांच्या बाबतीत तर जास्तच, कारण लक्ष्मीसेन, जिनसेन ही नावं गादीची आहेत, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. ‘ॲज’ घालून पद लिहा: अमुक महाराजांचं इन्स्टॉलेशन ‘ॲज भट्टारक’. भट्टारक, जगद्गुरू, मठाधिपती ही पदं तशीच ठेवा. त्यांचं ‘बिशप’ करू नका.

‘इनॉग्युरेशन’ नको, पोपच्या सोहळ्याला तो १९७८ पासून चालतो, पण आपल्याकडे वाचणारा फीत कापण्याचा कार्यक्रम समजतो. ‘टुक चार्ज’ बदली होऊन आलेल्या साहेबांसाठी ठीक.

कधी एका वाक्यात दोन घटना अडकलेल्या असतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठा समाजाच्या धर्मगुरूंचं, पद निर्माण केलं आणि त्यावर सदाशिवराव पाटील बेनाडीकरांना बसवलं. इथे पदासाठी ‘क्रिएटेड’ आणि माणसासाठी ‘इन्स्टॉल्ड’ अशी दोन क्रियापदं लागतात. नुसतं ‘अपॉइंटेड’ म्हटलं तर हे पद आधीपासून होतं असा अर्थ निघतो, आणि शाहूंनी केलेली मोठी गोष्टच गायब होते.

शेवटी तारीख पाहून घ्या. गुरू हयात असताना नुसता उत्तराधिकारी जाहीर होत असेल, तर त्या पत्रिकेवर इन्स्टॉलेशन येताच कामा नये. तिथे ‘नेम्ड सक्सेसर’ एवढंच.