गणित-विज्ञान अडलं की मदत कशी मागायची

“बाई, शाब्दिक उदाहरणं येतच नाहीत.” दहावीची मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक हेच वाक्य घेऊन. आता यावर मी काय सांगणार? त्यातलं कुठलं उदाहरण, कुठल्या पायरीला, काय कळलं नाही, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं.

मी बार्शीला शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. संध्याकाळी गल्लीतली आठवी ते दहावीची पोरं शंका घेऊन ओसरीवर येतात. फी नाही, पण अट आहे. कोरी वही घेऊन यायचं नाही. जे काही केलं असेल, चुकलेलं का असेना, ते कागदावर पाहिजे आणि जिथे अडलं त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ पाहिजे. काहींना ही अट जाचक वाटते. पण मदत मागण्यातलं निम्मं काम ती रेघ मारतानाच होऊन जातं. उरलेलं निम्मं म्हणजे ती ओळ कुणापुढे न्यायची ते ठरवणं.

उदाहरणच घेऊ. एक गाडी ३६० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने जाते. वेग ताशी ५ किलोमीटरने वाढवला तर ४८ मिनिटं कमी लागतात. मूळचा वेग किती? वर्गसमीकरणांच्या प्रकरणात असलं गणित हमखास भेटतं. मुलं वेग क्ष धरतात, आधीचा वेळ ३६०/क्ष, नंतरचा ३६०/(क्ष + ५) इथपर्यंत झकास येतात आणि वजाबाकी करून बरोबरच्या चिन्हापुढे ४८ लिहून मोकळी होतात. पुढे क्ष² + ५क्ष = ३७.५ असलं काहीतरी विचित्र येतं, अवयव पडत नाहीत, आणि मग “बाई, अवयव पाडता येत नाहीत” अशी तक्रार येते. अवयवांचा इथे काही दोष नाही. सूत्राने सोडवलंस तर वेग येतो ताशी साधारण ४.१ किलोमीटर. ही आगगाडी आहे की लग्नाची वरात?

इथे थांबून मागे जायचं. डावीकडे किलोमीटर भागिले ताशी किलोमीटर, म्हणजे तास. उजवीकडे मिनिटं. ४८ चे ४८/६०, म्हणजे ४/५ तास केले की समीकरण क्ष² + ५क्ष = २२५० होतं आणि वेग ४५ येतो. ताळाही लगेच घे: ४५ ने ८ तास, ५० ने ७ तास १२ मिनिटं, फरक ४८ मिनिटं. जमलं.

म्हणून कुणालाही विचारायला जाण्याआधी आपल्या कामावर दोनदा नजर टाक. एकदा एककांसाठी आणि एकदा उत्तर पटण्याजोगं आहे का यासाठी. मिनिटं-तास, सेंटिमीटर-मीटर, ग्रॅम-किलोग्रॅम यांतच निम्म्या शंका जिरतात. एवढं करूनही ओळ अडलेलीच राहिली तर ती खरी शंका, आणि तिच्यासाठी माणूस शोधायला हरकत नाही.

माणसाच्याही आधी पाठ्यपुस्तक. हसू नकोस. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात सरावसंचाच्या आधी सोडवलेली उदाहरणं असतात, ती फार कमी मुलं वाचतात. शाळेत शिकवलंय म्हणून थेट सरावसंचावर उडी. माझं ऐकशील तर सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर वहीने झाकून ठेव, स्वतः सोडव, अडलास तर वही एक ओळ खाली सरकव. शिक्षक समोर बसून हेच करतो. पुस्तक हरवलं असेल किंवा धाकट्या भावंडाने रंगवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतं. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्यही उघडतं.

गाईडला माझा विरोध नाही. पण गाईड उघडं ठेवून उतरवून काढलेलं गणित म्हणजे शुद्धलेखन. गाईडमधून फक्त पुढची ओळ बघायची आणि गाईड लगेच मिटायचं. हे ज्याला जमत नाही त्याने गाईड आईकडे द्यावं.

आता माणसं. शाळेतले सर-बाई पहिले, कारण पेपर कसा तपासतात हे त्यांनाच ठाऊक. फक्त तास सुटल्यावर दारात गाठू नकोस, त्यांना पुढच्या वर्गावर जायचं असतं. “सर, मधल्या सुट्टीत पाच मिनिटं देता का, एकच गणित आहे,” असं आधी विचार आणि रेघ मारलेली वही उघडूनच पुढे जा. “सर, हे समजलं नाही” म्हणालास तर सर अख्खा पाठ पुन्हा सांगायला लागतील आणि घंटा होईल. “दोन्ही त्रिकोणांत हा कोन सामाईक आहे, दुसरी जोडी मिळेना, कोको (कोन-कोन) कसोटी लावायची तर काय बघू?” असं विचारलंस तर दोन मिनिटांत काम होतं. क्लासमध्ये एका बाकावर चौघं बसत असतील तर तिथे शंकेला वेळ मिळणं कठीण, हे पालकांनीही लक्षात घ्यावं. अशा ठिकाणी पैसे भरून मुलगा नोट्स घेऊन येतो, शंका तशाच राहतात.

वर्गातला मित्र कधीकधी सरांपेक्षा कामाचा, पण हुशारातला हुशार निवडू नकोस. त्याला सगळं सरळ दिसतं, “अरे सोप्पंय” म्हणून तीन पायऱ्या गाळतो. तेच गणित आठवड्यापूर्वी ज्याला छळत होतं आणि आता जमलं, तो मित्र गाठ. त्याला खाचखळगे आठवत असतात.

भूमितीत फोनवर विचारायचं असेल तर आकृती नीट काढून फोटो पाठव. अर्धं वर्तुळ कापलेला, अंगठ्याची सावली पडलेला फोटो पाहून कोणीही काही सांगू शकत नाही. पक्ष काय, साध्य काय, हे दोन ओळींत लिही. स्पर्शिका, जीवा आणि आंतरलिखित कोन डोळ्यांपुढे हलताना बघायचे असतील तर जिओजेब्रा हे फुकट साधन आहे. बिंदू वर्तुळावर सरकवून बघ. एकाच कंसातले आंतरलिखित कोन समान का असतात, हे पाठ करायची गरजच उरत नाही.

फोटो काढला की उत्तर देणारी ॲपं आणि चॅटबॉट आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. वापरू नका म्हणून कोण ऐकणार? मग निदान नीट वापर. त्याला असं लिही: “मी महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत आहे. हे माझं काम आहे. उत्तर देऊ नको. माझी कुठली ओळ चुकली ते सांग आणि पुढे काय करायचं त्याची फक्त खूण दे.” आणि त्याचं बोलणं वेदवाक्य मानू नकोस. ठसक्यात चुकीचं सांगायची त्याला सवय आहे, आकृतीतली अक्षरं तर सर्रास उलटसुलट वाचतो. आलेली किंमत समीकरणात घालून ताळा बघणं तुझंच काम. शिवाय बोर्डाला हव्या त्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीची कारणं तो देईलच असं नाही. “कृती पूर्ण करा” सारख्या प्रश्नात रिकाम्या चौकटीच भरायच्या असतात, तिथे त्याची वेगळी रीत काय कामाची? सेमी-इंग्रजीवाल्यांनी विचारताना पाठ्यपुस्तकातलेच शब्द वापरावेत, म्हणजे उत्तरही तुमच्या पुस्तकाशी जुळतं.

विज्ञानात शंकेचं रूप वेगळं. तिथे गणित अडतं ते बऱ्याचदा चित्र डोळ्यांपुढे नसल्यामुळे. भिंगांच्या पाठात सगळ्यांचा घोटाळा चिन्हांचा. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे? वस्तूचं अंतर ऋण धरायचं राहिलं की भिंगाच्या सूत्रात १/१० + १/३० होतं आणि प्रतिमा येते साडेसात सेंटिमीटरवर. मी विचारते, नाभीच्या बाहेरच्या वस्तूची प्रतिमा भिंग आणि नाभी यांच्यामध्ये कशी येईल? ऋण चिन्ह घातलं की १/१० − १/३०, म्हणजे २/३०, आणि उत्तर १५ सेंटिमीटर. पटायचं असेल तर आजोबांचं वाचायचं भिंग घे, भरदुपारी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून पुढे-मागे कर. खिडकी उलटी होऊन भिंतीवर उतरते, आणि भिंग भिंतीपासून किती लांब ठेवलं की ती स्पष्ट होते हे पट्टीने मोजता येतं. भिंग नसेल तर फेट नावाचं कोलोरॅडो विद्यापीठाचं संकेतस्थळ आहे, तिथले बरेच आभासी प्रयोग मराठीतही चालतात. टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करायचे तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ फुकट आहे आणि त्यावर मराठी पुस्तकंही आहेत. रासायनिक समीकरणं मात्र बघून येत नाहीत, ती हाताने संतुलित करत बसावीच लागतात.

मदत मिळाली, गणित सुटलं, की वही मिटून दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या पानावर सोडव. पुन्हा तिथेच अडलास तर काल तू समजून घेतलं नव्हतंस, मान डोलावली होतीस. पुन्हा विचार. लाजायचं कारण नाही, माझ्याकडे तर तिसऱ्यांदा येणारेही असतात.

आणि पूर्वपरीक्षेचा तपासलेला पेपर फेकू नकोस. गणिताचे दोन आणि विज्ञानाचे दोन, प्रत्येकी ४० गुणांचे, असे चार पेपर समोर ठेव. जिथे जिथे गुण गेले तिथे पेन्सिलीने एकेक अक्षर टाक: आकडेमोड चुकली तर ‘आ’, एकक राहिलं तर ‘ए’, प्रश्नच नीट वाचला नाही तर ‘वा’, आणि खरंच येत नव्हतं तर ‘न’. आ, ए, वा यांच्यासाठी कुणाकडे जायची गरज नाही, घड्याळ लावून पेपर सोडवत राहायचं. ‘न’ जिथे जिथे असेल ती गणितं एका कागदावर उतरव आणि तोच कागद घेऊन सरांकडे जा.