खोका शेवटी: घरच्या हाय-फायसाठी स्ट्रीमर घेण्याआधीची तयारी

स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरचं संगीत अँपपर्यंत (अँप्लिफायरपर्यंत) पोचवणारा खोका. त्याचे फोटो आणि किमती बघायला बसण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून आपल्या अँपच्या मागे वाका. तिथे कोणती सॉकेट आहेत, त्यातली रिकामी कोणती आणि प्रत्येकावर काय लिहिलंय, हे दिसेल असा एक फोटो काढून ठेवा. 'सीडी', 'ऑक्स', 'ट्यूनर' यांतली कुठलीही लाल-पांढरी जोडी चालेल. नावं निराळी असली तरी आतून त्या सगळ्या एकाच लाइन पातळीच्या असतात. 'फोनो'ला मात्र हात लावू नका. ती जागा टर्नटेबलच्या सुईतून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असते, त्यामुळे तिथे सिग्नल शंभरेक पट वाढवला जातो आणि खर्ज मुद्दाम उचलला जातो. स्ट्रीमरचे २ व्होल्ट तिथे सोडले की आवाज फाटतो आणि व्हॉल्यूम कितीही खाली आणला तरी फाटलेलाच राहतो, कारण बिघाड व्हॉल्यूमच्या बटणाआधीच झालेला असतो. 'टेप'च्या दोन जोड्या असतात. त्यातली 'प्ले' किंवा 'इन' लिहिलेली आपली. 'रेक' ही बाहेर जाणारी असते, तिथे लावलं तर काहीच ऐकू येत नाही. जुन्या अँपला ५ पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर डिन ते आरसीए (लाल-पांढरी जोडी) केबल आधीच मागवा. ती प्लेबॅकची, म्हणजे ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर जोडलेली हवी. रेकॉर्डिंगची केबल १ आणि ४ वर असते आणि दिसायला हुबेहूब तशीच असते.

अँपला ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल इनपुट असेल तर डॅक, म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारा भाग, अँपमध्येच आहे. मग स्ट्रीमरमधल्या भारी डॅकसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, त्याचं डिजिटल आउटपुट नीट असलं की पुरे. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप) असेल तर त्याला डिजिटलच द्या. त्याच्या अ‍ॅनालॉग इनपुटला दिलेला सिग्नल बरेच रिसीव्हर पुन्हा डिजिटल करून घेतात आणि डॅकवर केलेला खर्च वाया जातो. गेल्या दहा वर्षांतल्या पुष्कळ रिसीव्हरांत एअरप्ले किंवा स्पॉटिफाय कनेक्ट (नेटवर्कवरून संगीत घेण्याच्या सोयी) आधीपासून असतं. मॅन्युअल एकदा उघडून बघा, कदाचित नवीन काही घ्यावंच लागणार नाही.

दुसरं काम कागद-पेन्सिलीचं. आपण खरोखर ऐकतो अशी वीस रेकॉर्डिंगं लिहून काढा. 'शास्त्रीय संगीत', 'जुनी नाट्यगीतं' असं मोघम लिहून भागणार नाही. कोणाचा कोणता राग, कोणत्या साली, कोणती मैफल, इतकं नेमकं हवं. मग ज्या ज्या सेवेचा मोफत चाचणी काळ मिळेल तिथे ही वीसच्या वीस शोधा. 'यमन' टाकून आलेल्या शंभर निकालांवरून काही कळत नाही, आपल्या वीसपैकी किती सापडली ते महत्त्वाचं. शोधताना इंग्रजी स्पेलिंगं उलटसुलट करून बघावी लागतात. भूप, भूपाळी, भूपाली हे एकाच कॅटलॉगमध्ये तीन ठिकाणी विखुरलेलं असू शकतं आणि गायकाचं नाव कधी कलाकाराच्या रकान्यात, तर कधी संगीतकाराच्या.

या यादीत एक अडचणीची गोष्ट हमखास वर येते. वीसपैकी पाच-सात खासगी बैठकांची किंवा जुन्या आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं असतात आणि ती फक्त यूट्यूबवर असतात, कुणीतरी कॅसेटवरून चढवलेली. तिथे आवाज दाबलेलाच येतो, २४ बिटचा स्ट्रीमर लावून तो मोकळा होत नाही. निम्म्याहून जास्त ऐकणं असं असेल तर महागडा खोका घेऊच नका. त्यात यूट्यूबचं मुख्य अ‍ॅप फक्त आवाजाच्या उपकरणांवर कास्ट होत नाही (वाय-फायवरून तिथे पाठवता येत नाही), यूट्यूब म्युझिक होतं. त्यामुळे यूट्यूबसाठी व्यवहार्य वाट म्हणजे ब्लूटूथ, नाहीतर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटवरून अँपच्या डॅकमध्ये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे साधं, न बांधलेलं, करा. ते 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी'वर राहिलं तर साध्या डॅकमधून एकतर काहीच येत नाही किंवा नुसती खरखर येते.

आता दर्जाचे आकडे. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १४११ किलोबिट. हाच दर्जा न गमावता बांधला, म्हणजे फ्लॅक केला, की साधारण निम्मा-साठ टक्के होतो. ३२० किलोबिटवर तासाला १४४ एमबी लागतात. सीडी दर्जाला बांधणीनंतर साडेतीनशे-चारशे एमबीच्या आसपास. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ न बांधता तासाला २ जीबीच्या वर जातं, बांधून एक-सव्वा जीबी. घरी फायबर असेल तर हे काहीच नाही, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्याचा दिवसाचा कोटा यात सहज संपतो.

अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (काही न गमावता बांधलेला आवाज) आहे, वर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. स्पॉटिफायनं ते २०२५ मध्ये आणलं, २४ बिट, ४४.१ पर्यंत. जिओसावनवर कमाल ३२० किलोबिट. टायडल आणि कोबझ या सेवांची नावं परदेशी लेखांत सतत येतात, पण पैसे भरण्याआधी त्यांच्या अधिकृत देशांच्या यादीत आपला देश आहे का ते बघा. अमेरिका-युरोपातल्या मराठी घरांना ती सरळ मिळतात. भारतात पत्ता बदलून घेतलेलं खातं नूतनीकरणाच्या दिवशी कार्डावर अडकू शकतं.

सेवा ठरली की तिसरा प्रश्न: ते संगीत खोक्यापर्यंत कुठल्या वाटेनं पोचणार? निवड सगळ्यात जास्त इथेच चुकते, कारण खोक्यावर '२४/१९२' छापलेलं असतं आणि वाट तेवढी रुंद नसते. ब्लूटूथमध्ये फोन स्वतः आवाज दाबून पाठवतो: एसबीसी या पद्धतीत ३२८ किलोबिटच्या आसपास, एलडॅकमध्ये जास्तीत जास्त ९९०, तेही सिग्नल चांगला असेल तर. शिवाय फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलात की गाणं तुटतं आणि ऐन समेवर व्हॉट्सअ‍ॅपचं 'टिंग' स्पीकरमधून येतं. एअरप्ले वाय-फायवर चालतं, पण बहुतेक स्ट्रीमरवर सीडीच्या दर्जापर्यंतच. गूगल कास्ट साधारण २४/९६ पर्यंत. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीत फोन नुसता रिमोट असतो. स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो, फोन बंद केला तरी चालू राहतं. रोजच्या वापराला हीच वाट सगळ्यात सुखाची.

अ‍ॅपल म्युझिकला अशी 'कनेक्ट' सोय नाही आणि बहुतेक स्ट्रीमरमध्ये त्याचं स्वतंत्र अ‍ॅपही नसतं. म्हणजे अ‍ॅपल म्युझिकचे पैसे भरणाऱ्यानं १९२ किलोहर्ट्झचा स्ट्रीमर घेतला तरी एअरप्लेनं जास्तीत जास्त सीडीचाच दर्जा येणार. सीडी दर्जा उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या वरचंच हवं असेल तर फोन किंवा मॅकमधून यूएसबीनं डॅकमध्ये जा. मॅकवर सॅम्पल रेट (तो किलोहर्ट्झचा आकडा) आपोआप बदलत नाही, 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये हातानं बदलावा लागतो. विंडोजवरही तसंच: एक्सक्लुझिव्ह मोड (वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला डॅकचा थेट ताबा) नसेल तर सगळं एका ठरलेल्या दरात, बहुधा ४८ किलोहर्ट्झमध्ये, बदलून बाहेर पडतं. अँड्रॉइडचंही तेच दुखणं.

हे सगळं जमलं की मग खोका. सगळ्यात स्वस्त प्रयोग म्हणजे अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा छोटा अ‍ॅडॅप्टर आणि ३.५ मिमी ते आरसीए केबल. त्यातून १ व्होल्टच्या आसपास मिळतं, २४/४८ पर्यंत, आणि आवाज किमतीच्या मानानं फार स्वच्छ आहे. काही अँड्रॉइड फोनवर मात्र तो फार हळू वाजतो, त्यामुळे आधी आपल्या फोनवर लावून बघा. विमसारखे तयार छोटे स्ट्रीमर बहुतेक घरांना पुरतात. त्यात एअरप्ले आहे की कास्ट, इथरनेट आहे की फक्त वाय-फाय, हे मॉडेलगणिक बदलतं, तेव्हा नेमक्या मॉडेलचंच पान वाचा. हौस असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर डॅकचं बोर्ड आणि मूड किंवा व्होल्युमिओ हा प्रोग्रॅम. पाय ४ चा स्वतःचा ३.५ मिमी जॅक हाय-फायसाठी नाही, पाय ५ ला तो नाहीच. पायला मोबाइलचा जुना चार्जर लावू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर खरोखर लागतात, कमी पडले की गाणं अडखळतं आणि लोक दोष वाय-फायला देतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावात एसडी कार्ड खराब होणं हे पायचं नेहमीचं मरण. अशा ठिकाणी पायकोअरप्लेअर हा प्रोग्रॅम बरा, तो चालू होताना सगळा मेमरीत चढतो आणि कार्डावर सतत लिहीत बसत नाही.

कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर खोका काय करेल, हेही आत्ताच विचारून ठेवा. गूगलचा छोटा स्ट्रीमर क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला, २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं, आणि मार्च २०२५ मध्ये एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली तसे जगभरचे चालू डबे एकाएकी कास्ट घेईनासे झाले. गूगलनं अपडेट देऊन ते उठवले खरे. उलट लॉजिटेकचे स्क्वीझबॉक्स स्ट्रीमर बनायचे थांबले २०१२ मध्ये, पण त्याचा सर्व्हर प्रोग्रॅम मुक्त असल्यानं हौशी मंडळी तो आजही लिरियन या नावानं चालवतात. म्हणून खोक्यात एखादी तरी उघडी वाट हवी: यूपीएनपी (घरच्या नेटवर्कवरच्या फाइली वाजवण्याची खुली पद्धत), यूएसबीवरच्या फाइली किंवा नुसतं ब्लूटूथ. पेन ड्राइव्ह लावणार असाल तर तो कुठल्या फॉरमॅटचा चालतो तेही बघा. काहींना फॅट३२ शिवाय काही वाचता येत नाही.

नेटवर्कची परीक्षा स्ट्रीमर येण्याआधीच होऊ शकते. जिथे तो ठेवायचा त्या कपाटात फोन ठेवा, दार लावा, दहा मिनिटांनी स्पीड बघा. आरसीसीच्या दोन भिंती मध्ये असतील तर ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही, आणि सोसायटीत २.४ वर इतकी गर्दी असते की १, ६, ११ यांतलं मोकळं चॅनल हातानं निवडावं लागतं. शक्य असेल तर कॅट-६ ची एक वायर ओढून प्रश्न कायमचा मिटवा, १०० मीटरपर्यंत चिंता नाही. स्ट्रीमर नेटला जोडलेला दिसतो पण फोनला सापडत नाही, असं झालं तर फोन 'गेस्ट' वाय-फायवर आहे का ते आधी पाहा. गेस्टवर उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही.

विजेचं काम कुणीच यादीत धरत नाही. अँपच्या धातूच्या पाठीवरून उलटा पंजा हलका फिरवा. अँपचा प्लग तीन पिनांचा असूनही झिणझिण्या किंवा खरखरीत स्पर्श जाणवला आणि टेस्टर मिणमिणला, तर बहुधा सॉकेटला तिसरं भोक आहे पण अर्थिंग नाही. उपकरणांच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर धातूच्या अंगावर थोडा करंट सोडतात. तो एरवी जमिनीत जातो, अर्थिंग नसेल तर केबलमधून दुसऱ्या उपकरणात शिरतो. आरसीएची मधली पिन बाहेरच्या कड्याआधी टेकते, म्हणून चालू उपकरणात केबल खुपसली की तो झटका सरळ इनपुटला बसतो. आधी वायरमनला बोलवा आणि केबली नेहमी मेन बंद करूनच लावा. अर्थिंग नीट असूनही हम्म येत असेल तर सेटटॉप बॉक्सची छतावरून येणारी केबल काढून बघा. हम्म थांबला तर गुन्हेगार सापडला. स्ट्रीमर ऑप्टिकलनं जोडला तर ही साखळी तुटते. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायला विसरू नका. टोपी दिसत नाही, पिन अर्धवट बसते आणि आवाज येत-जात राहतो.

खोका आला की आधी अपडेट, मग अ‍ॅपमधलं इक्वलायझर आणि आवाज समान करणारी सेटिंग बंद, नाहीतर दोन सेवांची तुलना खोटी ठरते. इंटिग्रेटेड (व्हॉल्यूमचं बटण असलेला) अँप असेल तर स्ट्रीमरचा आउटपुट 'फिक्स्ड', म्हणजे कायम पूर्ण, ठेवा. थेट पॉवर अँपला (ज्याला व्हॉल्यूमचं बटण नसतं) लावत असाल तर चुकूनही नको, पहिलाच सूर पूर्ण ताकदीनं सुटेल. घड्याळाच्या ८ वरच अँपचा आवाज कानठळ्या बसवत असेल आणि डावा-उजवा असमान वाटत असेल, तर दोष बटणाच्या सुरुवातीच्या भागाचा आहे. स्ट्रीमरचा आउटपुट २ वरून १ व्होल्ट केला की ६ डेसिबल उतरतात आणि बटण जिथे सरळ वागतं तिथे येतं.

मग नुसता तानपुरा लावा, अर्धा तास, वाय-फायवर. सलग सुरात एक क्षणाचा तुटकपणाही लपत नाही, आणि दाबलेल्या आवाजात जवारीची झळाळी पाण्यासारखी हलायला लागते. त्यानंतर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेला एखादा ख्याल घ्या. जोडावर अर्ध्या सेकंदाची फट पडली तर 'गॅपलेस' (फट न पाडता ट्रॅक जोडणं) त्या वाटेनं चालत नाही: कनेक्टनं चालेल, यूपीएनपीनं नाही, असं होतं. शेवटी राउटर आणि स्ट्रीमर दोन्हींची मेन लाइन एकदम बंद करून चालू करा. राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्ट्रीमर वाट पाहून स्वतः जोडला जातो की हार मानून लाल दिवा लावून बसतो, हे परत करायची मुदत संपायच्या आत पाहून घ्या.